रयतेच्या लेकरांची वहिनी

एक साधा प्रश्न विचारतो. सुगी संपली, कणगी तळाला गेली, पावसाने ओढ दिली आणि अशा वेळी दारात पाहुणे आले, तर घरची बाई काय करते? शेजारणीकडून पायलीभर उसने आणते, पिठात पीठ मिसळते, स्वतःच्या ताटातली भाकरी कमी करते. पाहुण्याला मात्र कळू देत नाही. आपल्यापैकी प्रत्येकाने हे आपल्या आईला नाही तर आजीला करताना पाहिलेले आहे.

आता कल्पना करा, की पाहुणे दोन-चार नाहीत. चुलीपाशी वाट बघणारी पोरे आहेत, ती जातीने निरनिराळी आहेत, त्यातले एकही आपल्या पोटचे नाही, आणि घरचा कर्ता पुरुष वर्गणीसाठी गावोगाव हिंडतो आहे. साताऱ्यात एका बाईवर अशी वेळ आली होती. त्या लक्ष्मीबाई भाऊराव पाटील. घरची माणसे आणि मुले त्यांना वहिनी म्हणत. पुढे लोक त्यांना 'रयतमाउली' म्हणू लागले.

कर्मवीर भाऊराव पाटील म्हणजे आपले अण्णा. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या उपस्थितीत त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हे नाव देण्यात आले. हे आपल्याला पाठ आहे, शाळेत दरवर्षी जयंतीला सांगतात. पण बोर्डिंग म्हणजे नुसती पाटी नव्हे हो! बोर्डिंग म्हणजे दोन वेळची भाकरी. ती भाकरी कुणी पुरवली, हे भाषणात एका वाक्यात उरकले जाते.

सोवळे सुटले ते असे

लक्ष्मीबाई जैन घराण्यातल्या. त्या काळच्या रीतीप्रमाणे सोवळ्याओवळ्याच्या संस्कारात वाढलेल्या. माहेरी सुबत्ता होती, अंगावर दागिने होते. नवरा मात्र वेगळ्या वाटेचा. कोल्हापुरात शिकत असताना अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभाला गेला म्हणून स्वतःच्या वसतिगृहातून बाहेर पडावे लागलेला. पुढे नांगर विकण्यासाठी गावोगाव फिरला तेव्हा शेतकऱ्याच्या पोराचे अडाणीपण त्याने डोळ्यांनी पाहिले आणि तेच मनाला लागून राहिले.

अशा माणसाच्या संसारात मराठा, महार, मांग, मुसलमान, रामोशी अशी सगळ्यांची पोरे एका पंगतीला बसू लागली. आजही काही गावांत पाणवठ्यावरून कुरबुरी होतात, मग शंभर वर्षांपूर्वी काय स्थिती असेल? भाषण करणाऱ्याला समता बोलून दाखवता येते. चूल सांभाळणाऱ्या बाईला ती रोज करून दाखवावी लागते. उष्टी-खरकटी, आजारी पोराचे कपडे, रात्री तापाने फणफणलेल्याचे उशाशी बसणे, या सगळ्यातून जावे लागते. लक्ष्मीबाईंना हे पहिल्या दिवशी जमले असे कुणी म्हणत नाही. जुने संस्कार एका रात्रीत जात नाहीत. पण पोरे आई-बाप सोडून आलेली होती, लहान होती, भुकेली होती. हळूहळू सोवळे बाजूला पडले आणि माया पुढे आली. म्हणूनच त्यांची थोरवी आपल्यासारख्यांना जवळची वाटते.

काळ्या मण्यांची गोष्ट

बोर्डिंगला सरकारी आधार नव्हता. जमेल तशी वर्गणी, कुणाकडून धान्य, कुणाकडून सरपण. कमी पडले की वहिनींच्या अंगावरचा एखादा दागिना कमी व्हायचा. आज पाटल्या, उद्या आणखी काही. असे करता करता डबा रिकामा झाला.

आणि एक दिवस असा उजाडला, की अण्णा बाहेरगावी आणि बोर्डिंगात दाणा नाही. पोरांना काय घालायचे? विकायला उरले होते ते गळ्यातले मंगळसूत्र. वहिनींनी ते काढून दिले, त्यातून धान्य आणले आणि पोरांची चूल पेटली.

ही गोष्ट सातारा जिल्ह्यात घरोघर सांगितली जाते, पण ऐकून ऐकून तिचा अर्थ बोथट झाला आहे. जरा थांबून विचार करा. सवाष्ण बाईने नवरा हयात असताना मंगळसूत्र उतरवायचे, हे त्या पिढीत मनात आणणेसुद्धा अशुभ मानले जाई. शेजारपाजारचे काय बोलतील? माहेरची माणसे काय म्हणतील? आणि ते कशासाठी, तर दुसऱ्यांच्या पोरांच्या एका जेवणासाठी. सोन्याची किंमत सोनार सांगेल, पण या धीराची किंमत कशी करायची?

बोर्डिंग सुरू झाल्यापासून उणीपुरी सहा वर्षेच त्यांना मिळाली. १९३० साली त्या वारल्या. संस्थेचे हायस्कूल, कॉलेज यांतले काहीच त्यांनी पाहिले नाही. महाराजा सयाजीराव हायस्कूल १९४० चे, साताऱ्याचे छत्रपती शिवाजी कॉलेज १९४७ चे. आज रयतच्या शाखा सातशेच्या वर आहेत. सोलापुरात त्यांच्या नावाने महिला महाविद्यालय आहे. वडाचे झाड हे संस्थेचे बोधचिन्ह. त्या झाडाला रोप असताना पाणी कुणी घातले, ते आता तुम्हीच सांगा.

आपल्या गावात काय?

आता थोडे आपल्याकडे वळू. आपण देणगी देत नाही असे नाही. देवळाला देतो, जत्रेला देतो, आणि फरशीवर नाव कोरले की नाही हेही पाहून येतो. त्यात वाईट काही नाही. पण वहिनींचे देणे निराळे होते. उरलेल्यातून नव्हे, असलेल्यातून दिलेले. आणि पावती न मागता.

रयतच्या वाढीत मुष्टिफंडाचा वाटा मोठा होता. दळण-कांडण करताना घरच्या बाईने एक मूठ धान्य बाजूला काढून ठेवायचे, बस्स. हिशेब करून बघा. मुठीत पन्नास ग्रॅम जोंधळा धरला तरी महिन्याला दीड किलो होतो. दोनशे उंबऱ्यांचे गाव असेल तर महिन्याकाठी तीन क्विंटल! तालुक्याला खोली करून किंवा वसतिगृहात राहून शिकणाऱ्या गावातल्या दहा-बारा गरजू पोरापोरींच्या भाकरीची सोय यातून सहज होईल. मेसचे पैसे भरता येत नाहीत म्हणून दहावीनंतर पोरगी घरी बसली, असे आपल्या गावात घडले नाही असे छातीवर हात ठेवून कोण म्हणेल?

सरपंच आणि ग्रामसेवक भाऊसाहेबांनी हा विषय एका ग्रामसभेत घ्यावा. बचत गटाच्या बायकांकडे धान्य आणि वही दोन्ही सोपवावे. हिशेब चावडीवर लावावा, पण ज्या पोराला मदत दिली त्याचे नाव लावू नये. दुष्काळाच्या साली कुणावर जबरदस्ती नको, ज्याची कणगी भरली आहे त्याने दोन मुठी टाकाव्यात. शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंना वर्षातून एकदा तरी पंगतीत आधी बसवावे आणि गावाने वाढावे. वहिनींचेच काम त्या आज करत आहेत.

आणि शेवटचे एक. कर्मवीर जयंती २२ सप्टेंबरला येते. त्या दिवशी अण्णांच्या फोटोला हार घालाल, तेव्हा शेजारी वहिनींचाही फोटो ठेवा. मग घरी जाऊन आपल्या म्हातारीला विचारा, "आई, तू कुणाकुणाला जेवू घातलंस गं?" ती आधी हसेल, "काय त्यात" म्हणेल. मग एकेक नाव सांगू लागेल. ती नावे वहीत लिहून ठेवा. गावाच्या कोणत्याही दप्तरात ती सापडणार नाहीत.