किट कार : दाराची आतली पॅनलं आणि डिकीचं अस्तर

इंजिन बसलं, वायरिंग झालं, गाडी सुरू झाली, की किट कार जोडणाऱ्याला वाटतं, संपलं. राहिलं काय, तर दाराच्या आतली रेक्झिनची पॅनलं आणि डिकी. इथेच घाई होते.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. ब्रिटनमध्ये तयार गाडीवर परचेस टॅक्स होता, सुट्या भागांच्या किटवर नव्हता. म्हणून 1957ची लोटस सेव्हन, 1962ची लोटस एलान लोकांनी घरी जोडल्या. 1973 साली व्हॅट आला, ती सवलत गेली. हौस टिकली.

एलानसारख्या गाडीची बॉडी फायबरग्लासची. साच्यात हाताने थर देऊन केलेली दोन दारं तंतोतंत सारखी निघतीलच असं नाही. तेव्हा डाव्या दाराचा पुठ्ठा उलटा करून उजव्याला वापरू नका. प्रत्येक दाराचा वेगळा कापा. रेक्झिन कडेवरून मागे वळणार, म्हणून प्लाय सगळीकडून दोनेक मिलिमीटर लहान ठेवा.

आता मुख्य गोष्ट, पाणी. काचेवरून ओघळलेलं पावसाचं पाणी दाराच्या पोटात जातंच. ते खालच्या भोकांतून बाहेर पडावं अशीच दाराची रचना असते. पॅनलच्या मागे प्लॅस्टिकचा कागद नसेल, तर प्लाय ते पाणी पितो, फुगतो, रेक्झिन सुटतं. हा कागद कडेने नीट चिकटवायचा, आणि खालची कड दाराच्या पोटात सोडायची, म्हणजे थेंब आतच पडतात. खालची भोकं मात्र बुजवू नका!

भोक पाडण्याआधी काच पूर्ण खाली घेऊन बघा, ती कुठवर येते. ड्रिलच्या बिटाला टेप गुंडाळून खोलीची खूण करा. पातळ फायबरग्लासमध्ये नुसता स्क्रू दोन-तीनदा काढला-घातला की आटे जातात. तिथे मागून लाकडाचा ठोकळा चिकटवा किंवा रिव्हेट नट बसवा.

डिकीत हीच खबरदारी दुप्पट. पॅनलच्या मागे पेट्रोलची टाकी, पाइप, मागच्या दिव्यांच्या वायरी असू शकतात. हात घालून चाचपल्याशिवाय ड्रिल लावू नका. चिकटवायचं सोल्युशन ज्वालाग्राही असतं, वाफ डोक्यात जाते. पॅनल बाहेर काढून, उघड्यावरच चिकटवा. दोन्ही बाजूंना लावून, बोटाला चिकटेनासं झालं की मगच दाबायचं.

आणि डिकीचं पॅनल कायमचं चिकटवू नका. दिसायला ते छान दिसतं, मान्य आहे. पण उद्या टाकीचा फ्लोट बिघडला, तर ते फाडावं लागेल. कप वॉशर घालून स्क्रू लावा. स्क्रू दिसले तर दिसू देत. डिकी आणि बसायची जागा यांच्यामधली फट तेवढी घट्ट बंद करा, पेट्रोलची वाफ आत यायला नको.