शाळेतील जुना संगणक आणि नवी कार्यप्रणाली

संगणकाचे यंत्र आणि त्यावर चालणारे निरनिराळे कार्यक्रम यांची सांगड घालणारी व्यवस्था म्हणजे कार्यप्रणाली होय. 'विंडोज १०' या प्रणालीस मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नित्याचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे यंत्र बंद पडत नाही. परंतु इंटरनेटला जोडल्यास नव्याने उघडकीस येणाऱ्या दोषांपासून त्याचे रक्षण होत नाही.

'विंडोज ११' मध्ये सुरक्षेचा बराचसा भार यंत्रातील टीपीएम २.० या घटकावर सोपविलेला आहे. शिवाय किमान ४ जीबी रॅम व ६४ जीबी साठवण आवश्यक असते. साखरा (जि. हिंगोली) यासारख्या गावच्या शाळेतील यंत्र या कसोटीस न उतरल्यास ते टाकाऊ समजू नये. डेबियन ही लिनक्स प्रणाली विनामूल्य असून तीत मराठी लिहिता येते. सी-डॅकची 'बॉस' ही प्रणालीही तिच्यावरच आधारलेली आहे. मात्र ऑगस्ट २०२५ मध्ये निघालेली डेबियनची १३ वी आवृत्ती ३२ बिटांच्या यंत्रावर नव्याने बसविता येत नाही, हे ध्यानी घ्यावे.

प्रणाली बदलताना जुनी साठवण पुसली जाण्याचा संभव असतो. म्हणून शिक्षकांनी हजेरीच्या नोंदी व निकालपत्रके आधी पेनड्राइव्हवर उतरवून, ती दुसऱ्या संगणकावर उघडतात याची खात्री करावी व मगच या कामास हात घालावा.