शेजारची कोंबडी आणि आपला वाफा

माथेरानच्या डोंगराखाली कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील गावांत व वाड्यांत घरटी दोन-चार गावठी कोंबड्या असतातच. घराला घर लागून आणि अंगणाला अंगण. पाऊस ओसरला की परसात मेथी, माठ, मुळा, कोथिंबिरीचे वाफे होतात. भातकापणी आटोपली की जमिनीतील ओलीवर वाल पेरला जातो. नेमक्या याच दिवसांत शेजारणी-शेजारणींत खटके उडू लागतात. सकाळी बी टाकावे आणि दुपारी पाहावे, तो वाफा उकरून ठेवलेला!

कोणी म्हणेल, कोंबडीचा विषय तो काय? पण भातलावणीला ज्या दोन घरांना एकमेकांची माणसे लागतात, त्यांचे बोलणे बंद झाले तर नुकसान वाफ्यापुरते राहत नाही. शिवाय कोंबड्या बहुधा घरातील बाईच्या हातच्या असतात. अंडी विकून ती मीठ-मिरची आणि मुलांच्या वह्या भागवते. परसातली भाजीही बाईनेच पिकवलेली असते. म्हणून दोघींचेही नुकसान न होता मार्ग काढला पाहिजे.

कोंबडी वाफाच का उकरते?

कोंबडी खोडसाळपणाने येत नाही. शेणखत घातलेली, भुसभुशीत, ओली माती म्हणजे तिच्या दृष्टीने किडे, अळ्या आणि गांडुळांचे ताट. कोरड्या मऊ मातीत ती अंग घुसळून धूळस्नान करते. त्यामुळे तिच्या अंगावरील उवा-गोचिडी कमी होतात. सकाळी खुराडे उघडताच आणि सांजेला परतण्यापूर्वी ती अधिक भुकेली असते. उपाशी सोडलेली कोंबडी लांब जाते, दाणा मिळालेली घराजवळ रेंगाळते.

खरा धोका पेरणीनंतर पहिले तीन आठवडे असतो. तोवर बी वर असते, रोपाने मूळ धरलेले नसते. जूनमध्ये भाताच्या राबाचीही हीच गत. पुढे मांडवावर चढलेल्या पडवळ-शिराळ्याला किंवा मूळ धरलेल्या वालाला कोंबडी फारसे काही करीत नाही. पालेभाजीला मात्र काढणीपर्यंत जपावे लागते.

आपल्या बाजूने काय करावे?

पेरल्याबरोबर वाफ्यावर करवंदीच्या किंवा बोरीच्या काट्या पसराव्या. रोपे वर आली की त्या अलगद काढाव्या. जुने मासेमारीचे जाळे मिळाल्यास चार खुंट्यांवर वीतभर उंच, ताणून बांधावे. सैल सोडू नये; त्यात साप, पाखरे अडकतात. मिरची-वांग्याच्या प्रत्येक रोपाभोवती चार-पाच दगड मांडले तरी कोंबडीला बुडखा उकरता येत नाही.

कायमचा उपाय म्हणजे कुंपण. बांधावरच्या बांबूच्या कामट्यांचा कुड पाच-सहा फूट उंच असावा आणि तळाशी पिल्लू शिरेल एवढी फट नसावी. वरच्या टोकाला आडवी काठी बांधू नये. बसायला जागा दिसली की गावठी कोंबडी उडून तीवर बसते आणि मग आत उतरते. कामट्यांची टोके मोकळी ठेवावी. कारवी आपल्याकडे पूर्वापार कुडाला वापरतात, पण राखीव जंगलातून ती परवानगीवाचून तोडू नये.

कोंबडीवाल्या घराने काय करावे?

पेरणीचे दिवस सोडून रोज कोंबड्या कोंडा, असे कोणी म्हणत नाही. तीन आठवडे मात्र त्यांना दुपारपर्यंत खुराड्यात किंवा परसात जाळी लावून ठेवावे. आत पाणी, मूठभर कणी-कोंडा आणि धूळस्नानासाठी एका कोपऱ्यात राख-माती द्यावी. फार उडणाऱ्या कोंबडीच्या एकाच पंखाची मोठी पिसे कापली की तिचा तोल जातो व ती उंच उडत नाही. नवीन फुटणाऱ्या, रक्त असलेल्या पिसाला कात्री लावू नये. हे काम मालकिणीनेच करावे, शेजाऱ्याने नव्हे.

यात तिचाही फायदा आहे. गावठी कोंबडी वर्षाला जेमतेम ६० ते ७० अंडी देते. त्यातली काही झुडपात घातली गेली की मुंगसाच्या पोटात जातात. मोकाट कोंबड्या दहा घरी हिंडल्या की मानमोडी रोगही घरोघर पोचतो आणि एका आठवड्यात खुराडी रिकामी होतात. त्यासाठी पिल्लांना ५ ते ७ दिवसांची असताना लासोटा लस व आठव्या आठवड्यात आर-टू-बी लस पशुवैद्यकीय दवाखान्यातून देऊन घ्यावी. दोन्ही घरांनी एकाच दिवशी लस दिली तर अधिक चांगले.

बोलावे कसे?

वाफा उकरलेला दिसताच कुंपणावरून ओरडू नये. सांजेला घरी जावे आणि सांगावे, "वहिनी, उद्या मी मेथी टाकतेय. तीन आठवडे कोंबड्या दुपारपर्यंत आत ठेवाल का? जून पाला मी आणून देत जाईन." खुराड्यातली विष्ठा आपण मागून घ्यावी. ती नत्राने समृद्ध असते. ताजी घातल्यास रोपे करपतात, म्हणून दोन-तीन महिने कुजवून वापरावी. पीक निघाल्यावर कोंबड्यांना आपणच आत बोलवावे. त्या मातीतल्या अळ्या वेचतात.

कायदा काय म्हणतो?

गुरांच्या अतिक्रमणाचा १८७१ चा कायदा आहे. त्यात कोंडवाड्यात घालता येणाऱ्या जनावरांत गाय, म्हैस, घोडा, गाढव, डुक्कर, शेळी-मेंढी, इतकेच काय हत्ती आणि उंटही येतात. कोंबडी मात्र नाही! म्हणून कोंबडी धरून कोंडवाड्यात देता येत नाही. नुकसानभरपाईसाठी कोर्टात जायचे तर वाफ्याच्या किमतीहून खर्च जास्त.

संतापून विषारी दाणे टाकणे हा तर गुन्हाच होय. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ प्रमाणे दुसऱ्याचे जनावर मारल्यास किंवा विष घातल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि विष कोंबडीपाशी थांबत नाही; ते कुत्र्याच्या, घारीच्या आणि अंगणात खेळणाऱ्या मुलाच्याही तोंडी जाऊ शकते.

समजुतीने भागत नसेल तर गावातील चार जाणत्या माणसांपुढे, ग्रामपंचायतीकडे किंवा तंटामुक्त समितीकडे जावे. अशाच भांडणांचा निकाल गावातच लागावा म्हणून महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २००७ रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. त्याहून बरे, पेरणीपूर्वीच वाडीतील सर्वांनी बसून कोंबड्या कोंडण्याच्या तारखा ठरवाव्या. म्हणजे कोणा एकीवर बोट येत नाही.

कोंबडी अंड्यांवर २१ दिवस बसते. आपल्या वाफ्यालाही दोन्ही घरांनी मिळून तेवढेच दिवस जपले, तर एका परसात भाजी आणि दुसऱ्या परसात अंडी, दोन्ही पदरात पडतील.