एडिटिंगचा संगणक घरी जोडताना : आधी यादी, मग खरेदी

आज आपल्या वस्त्यांत मोबाईलच्या चित्रीकरणाशिवाय एकही कार्यक्रम पार पडत नाही. १४ एप्रिलची मिरवणूक असो, मंगल परिणय असो की गायन पार्टीचा कार्यक्रम असो, दहा हात वर उठतात आणि दहा मोबाईल चालू होतात. पुढे काय होते? मोबाईल भरतो, जागा करण्यासाठी जुने पुसले जाते, आणि त्यासोबत वस्तीतील एखाद्या म्हाताऱ्या कार्यकर्त्याचे शेवटचे भाषणही जाते. हे सारे कापून, जोडून, नीट जतन करायचे तर एडिटिंगचा संगणक हवा. म्हणूनच जालना, अंबड, परतूर, मंठा अशा गावांतील आपली तरुण मुले-मुली आता सुटे भाग आणून घरीच संगणक जोडू पाहत आहेत. त्यांचे कौतुकच केले पाहिजे.

पण या कामात पैसा कुणाचा जातो? रोलिंग मिलमध्ये भट्टीसमोर उभ्या राहणाऱ्या बापाचा आणि बचत गटाचा हप्ता फेडणाऱ्या आईचा. आमच्या माहितीतील एका तरुणाने प्रोसेसर एकीकडून मागवला आणि मदरबोर्ड दुसरीकडून घेतला. दोन्ही वस्तू नव्या होत्या, चांगल्या होत्या. पण एक दुसऱ्यात बसेना! दुकानदार परत घेईना. तीन महिने ते डबे कपाटावर पडून राहिले आणि हप्ते मात्र चालू राहिले. असे दुसऱ्या कुणाचे होऊ नये म्हणून हा लेखप्रपंच.

आधी काम ठरवा

साधने कमी असली म्हणून काम अडत नाही. मालेगावच्या नासिर शेख यांनी २००० साली 'मालेगाव के शोले' काढला, तो व्हीसीआरवर जोडून. तेव्हा महागड्या यंत्राचा हव्यास नको. आपल्याला काय करायचे आहे, ते प्रथम कागदावर लिहा. मोबाईलवर फुल एचडीमध्ये घेतलेली भाषणे व लग्ने जोडायची असतील तर मध्यम संगणक पुरतो. फोर-के चित्रीकरण, रंगकाम आणि हलती अक्षरे करायची असतील तर ताकद जास्त लागते.

सॉकेट जुळले पाहिजे

प्रोसेसर मदरबोर्डच्या ज्या खाचेत बसतो तिला सॉकेट म्हणतात. इंटेलच्या १२, १३ व १४ व्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर एलजीए १७०० मध्ये बसतात. २०२४ साली आलेल्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेला एलजीए १८५१ लागते. एएमडीच्या रायझन ५००० पर्यंतच्या मालिका एएम४ मध्ये, तर रायझन ७००० व ९००० एएम५ मध्ये बसतात. सॉकेट जुळले तरी काम संपत नाही. जुन्या साठ्यातील बोर्डाचे बायोस अद्ययावत केल्याशिवाय तो नवा प्रोसेसर ओळखत नाही. म्हणून बोर्ड बनवणाऱ्या कंपनीची चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी पाहूनच पैसे मोजावेत.

आणखी एक गोष्ट. इंटेलच्या प्रोसेसरच्या क्रमांकापुढे 'एफ' अक्षर असेल तर त्यात चित्र दाखवण्याची सोय नसते. वेगळे ग्राफिक कार्ड नसेल तर पडदा काळाच राहतो! चार पैसे वाचवायला जाऊन मोठा खर्च ओढवतो. उलट 'एफ' नसलेल्या प्रोसेसरमध्ये मोबाईलचे व्हिडिओ भराभर उलगडणारी यंत्रणा आतच असते, आणि सुरुवातीचे काम कार्डाशिवायही भागते.

रॅम आणि साठवण

डीडीआर४ आणि डीडीआर५ या रॅमच्या पट्ट्यांची खाच वेगवेगळ्या जागी असते. एकीच्या जागी दुसरी बसत नाही, जोर लावू नये. एएम४ ला डीडीआर४, एएम५ ला डीडीआर५ लागते. एलजीए १७०० चे बोर्ड दोन्ही प्रकारचे मिळतात, पण एका बोर्डावर बहुधा एकच प्रकार चालतो. एडिटिंगला किमान १६ जीबी रॅम हवी. ती १६ ची एक पट्टी घेण्यापेक्षा ८-८ च्या दोन घेतल्यास वेग चांगला मिळतो. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव फार चढले. म्हणून जुन्या अंदाजावर न जाता खरेदीच्या दिवशीचा भाव विचारावा.

आता साठवणुकीचा हिशेब करू. मोबाईलचे फोर-के चित्रीकरण तासाला साधारण २० जीबी जागा खाते. दोन मोबाईलवर पाच तासांचा कार्यक्रम घेतला तर २०० जीबी झाले! म्हणून संगणक चालवायला व चालू कामाला ५०० जीबी किंवा १ टीबीची एसएसडी आणि जतन करायला वेगळी हार्ड डिस्क, अशी विभागणी करावी. एम.२ एसएसडी घेताना बोर्डावरील जागा एनव्हीएमईची आहे की साटाची, हे अवश्य विचारावे.

वीज, उष्णता आणि धूळ

आपल्याकडे व्होल्टेज कमी-जास्त होते. तेव्हा कॅबिनेटसोबत फुकट मिळणाऱ्या पॉवर सप्लायवर विसंबू नये. ग्राफिक कार्डाच्या डब्यावर किती वॅटचा सप्लाय हवा ते छापलेले असते. तेवढा, नामांकित कंपनीचा आणि कार्डाला लागणारी वायर असलेला सप्लाय घ्यावा. घराला अर्थिंग आहे का ते वायरमनकडून तपासावे. यूपीएस असावा, म्हणजे वीज गेली तरी काम जतन करून संगणक बंद करता येतो.

कॅबिनेट घेताना त्यात आपला बोर्ड मावतो का, कार्डाची लांबी आणि प्रोसेसरच्या पंख्याची उंची बसते का, हे मिलिमीटरमध्ये मोजून पाहावे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत संगणक भिंतीला चिकटवून ठेवू नये. जाळीवरची धूळ दर महिन्याला झाडावी.

जुना घ्यावा का?

कार्यालयांतून निघालेले जुने संगणक स्वस्तात मिळतात. पण १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० चा सर्वसाधारण आधार बंद झाला, आणि विंडोज ११ ला इंटेलचा साधारण ८ व्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्याहून जुन्या यंत्रावर लिनक्स टाकून केडेनलाइव्ह किंवा शॉटकट ही मोफत सॉफ्टवेअर वापरता येतात. दा विंची रिझॉल्व्हचीही मोफत आवृत्ती आहे, मात्र तिला ग्राफिकची ताकद जास्त लागते. चोरीचे सॉफ्टवेअर नको, त्यासोबत व्हायरस घरात येतो. यंत्र हळू चालत असेल तर सॉफ्टवेअरमधील 'प्रॉक्सी' वापरा. कापाकापी हलक्या प्रतीवर होते आणि शेवटी व्हिडिओ मूळ दर्जाचा निघतो.

बिल पक्के घ्या

खरेदीला जालन्यात जा, छत्रपती संभाजीनगरला जा की मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला, हातात पूर्ण यादी असू द्या. प्रोसेसर, बोर्ड, रॅम, एसएसडी, सप्लाय, कॅबिनेट, प्रत्येकाचा मॉडेल क्रमांक लिहा आणि ती यादी दोन जाणकारांना दाखवा. शक्यतो सारे भाग एकाच दुकानातून घ्या, म्हणजे न जुळल्यास जबाबदारी एकाची राहते. जीएसटीचे पक्के बिल, त्यावर सिरीयल क्रमांक आणि वॉरंटीची मुदत मागून घ्या. मागायला लाजू नका, पैसा आपला आहे.

एका घराला हा खर्च झेपत नसेल तर चार-पाच घरांनी मिळून एक संगणक करावा. बुद्ध विहारात किंवा वाचनालयात ठेवावा आणि मुलींनाही त्यावर हक्काने बसवावे. चित्रीकरणाच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात. आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड' हा माहितीपट १४ वर्षांच्या चित्रीकरणानंतर २०११ साली पूर्ण झाला. इतकी वर्षे चित्रीकरण जपून ठेवले, म्हणूनच तो होऊ शकला. आपल्या वस्तीचेही असेच आहे. आज जपले तर उद्या आपल्या नातवंडांना आपले आजी-आजोबा बोलताना दिसतील.