उडत्या विमानाला शिदोरी

विमानाचं सर्वांत मोठं ओझं कोणतं, असं मला कुणी विचारलं, तर मी इंधनाचं नाव घेईन. लांब जायचं तर इंधन भरपूर हवं. आणि भरपूर घेतलं, तर जड झालेलं विमान जमीन सोडायला तयार नसतं. मग हवेतल्या हवेतच इंधन दिलं तर?

२७ जून १९२३ रोजी अमेरिकी लष्कराच्या वैमानिकांनी सॅन दिएगोला हे करून दाखवलं. वरच्या विमानातून नळी सोडायची, खालच्या विमानातल्या माणसानं ती हातानं पकडून टाकीला जोडायची. ऑगस्टमध्ये स्मिथ आणि रिक्टर ही जोडी अशा रीतीनं ३७ तास हवेत राहिली.

पण लोंबती नळी म्हणजे जिवाशी खेळ. १८ नोव्हेंबरला टेक्ससमध्ये ती पंखांत अडकली आणि इंधन देणाऱ्या विमानाचा वैमानिक वॅग्नर प्राणास मुकला. जानेवारी १९२९मध्ये ‘क्वेश्चन मार्क’ विमान १५० तास उडालं खरं. पण नळी निसटून त्याचे प्रमुख स्पाट्झ पेट्रोलनं न्हाले!

माझ्या मते खरा तोडगा काढला तो ब्रिटनच्या ॲलन कॉबम यांच्या कंपनीनं. नळीच्या टोकाला शंकूसारखी टोपली लावली. मागच्या विमानानं आपली पुढे आलेली दांडी तिच्यात घालायची. नळी पकडायला माणूस नको; विमान मागे सरलं की जोड आपोआप सुटतो. ऑगस्ट १९४९मध्ये ‘मीटिऑर’ हे जेट विमान असं १२ तास उडालं.

आपल्या हवाई दलात २००३मध्ये आलेली इल्यूशिन-७८ विमानं सुखोईंना इंधन पाजतात, तीही अशाच टोपलीतून.