चेहऱ्याचे कृत्रिम अवयव : आरशापलीकडचे पुनर्वसन

शूर्पणखेचे नाक लक्ष्मणाने येथेच छेदले आणि त्यावरून या स्थानास नाशिक हे नाव पडले, अशी आख्यायिका पंचवटीत पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. त्याच पंचवटीत आज कर्मवीर भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालय उभे आहे. नाक, डोळा, कान वा टाळू गमावलेल्या माणसांसाठी कृत्रिम अवयव घडविण्याची विद्या दंतशास्त्राच्याच एका शाखेत शिकविली जाते, हे अनेकांना ठाऊक नसते. चेहऱ्याचे काम दंतवैद्याकडे कसे, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. तोंडाचे माप घेणे, मेणात आकार घडविणे आणि साच्यातून तो टिकाऊ द्रव्यात उतरविणे हे कौशल्य मुळात कवळी बनविणाऱ्याचे. तेच पुढे जबड्यावरून गालापर्यंत, नाकापर्यंत आणि डोळ्याच्या खोबणीपर्यंत पोहोचले.

गेलेले नाक परत मिळविण्याचा प्रयत्न महाराष्ट्राला नवा नाही. इंग्रजी फौजेतील कावसजी नावाचा गाडीवान १७९२ च्या युद्धात टिपूच्या कैदेत सापडला व त्याचे नाक आणि एक हात छाटण्यात आला. पुढे पुण्याच्या एका कुंभाराने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवे नाक दिले. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने ऑक्टोबर १७९४ मध्ये हा वृत्तांत प्रसिद्ध केला आणि त्यातून स्फूर्ती घेऊन जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये लंडनला तशी शस्त्रक्रिया केली. स्वतःच्या कातडीची सर कशालाही नाही, हे खरेच. परंतु हानी मोठी असेल, रुग्णाची प्रकृती आणखी शस्त्रक्रिया सोसणारी नसेल किंवा कर्करोग पुन्हा उद्भवतो काय हे पाहण्यासाठी ती जागा उघडून तपासावी लागत असेल, तेथे काढता-घालता येणारा अवयवच उपयोगी पडतो.

२०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेपाठोपाठ म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य रोगाने नाशिकसह राज्यभर थैमान घातले. त्याच वर्षी मे महिन्यात या रोगाचा समावेश महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत करण्यात आला. प्राण वाचविण्यासाठी शल्यचिकित्सकांना अनेकांचा वरचा जबडा, टाळू, प्रसंगी डोळाही काढावा लागला. तंबाखूमुळे होणाऱ्या मुखकर्करोगाचे रुग्ण तर त्यापूर्वीही होते व आजही आहेत.

टाळू गेलेल्या माणसाचे दुःख बाहेरून दिसत नाही. प्यालेले पाणी नाकातून बाहेर येते, भाताचे शीत वर अडकते, बोलणे गेंगाणे होऊन टेलिफोनवर घरच्यांनाही उमगत नाही. परिणामी असा माणूस लग्नाच्या पंगतीत बसण्याचे टाळतो. पुढे पुढे घरातही एकटा जेवतो. टाळूतील पोकळी बुजविणारी पट्टी त्यास दिली जाते. पहिली पट्टी शस्त्रक्रियेच्या वेळीच बसवितात, जखम भरत असताना दुसरी, आणि काही महिन्यांनी ऊती स्थिरावल्यावर कायम वापराची तिसरी. पोकळीत जाणारा तिचा भाग वजन कमी व्हावे म्हणून आतून पोकळ ठेवतात. पट्टी नीट बसली की घोट घशाखाली उतरतो आणि शब्द स्पष्ट होतो. लासलगावच्या कांदा लिलावात बोली पुकारणाऱ्या माणसास नाकडोळ्यांपेक्षा हा शब्दच अधिक मोलाचा, हे वेगळे सांगावयास नको.

चेहऱ्यावर लावावयाचा अवयव बहुधा सिलिकोनचा असतो. रुग्णास समोर बसवून, दिवसाच्या उजेडात, त्याच्या कातडीशी रंग जुळविला जातो. कडा कागदासारख्या पातळ करून चष्म्याच्या चौकटीआड लपविल्या जातात. तो डिंकासारख्या द्रव्याने चिकटवितात किंवा हाडात बसविलेल्या खुंट्यांवर लोहचुंबकाने धरतात. मात्र कृत्रिम डोळ्याची पापणी मिटत नाही आणि एका डोळ्याने अंतराचा अंदाज चुकतो. पेल्यात पाणी ओतणेही नव्याने शिकावे लागते. द्राक्षबागेत दिवसभर राबणाऱ्या मजुराची अडचण आणखी वेगळी. घामाने चिकटद्रव्य सुटते, उन्हाने त्याची कातडी काळवंडते आणि अवयवाचा रंग मात्र फिका पडत जातो. त्यामुळे दीड-दोन वर्षांत कडा फाटून वा रंग उडून नवा अवयव करावा लागतो.

येथेच खरी मेख आहे. शस्त्रक्रिया एकदा होते. अवयव पुन्हा पुन्हा लागतो. सुरगाणा वा पेठ तालुक्यातील रुग्णास त्यासाठी दर खेपेस मजुरी बुडवून, एस.टी.ने नाशिक गाठावे लागते. दोन खेपा चुकल्या की फाटका अवयव डबीत पडून राहतो आणि तोंडावर पुन्हा रुमाल येतो. कागदोपत्री मात्र तो रुग्ण केव्हाच बरा झालेला असतो. पुनर्वसनाची मोजदाद अवयव दिल्याच्या दिवशी करण्यापेक्षा तो दोन वर्षांनी वापरात आहे काय, यावरून होणे उचित ठरेल. पहिला साचा जपून ठेवल्यास पुढच्या अवयवासाठी रुग्णाच्या फेऱ्या कमी होतात. रुग्णाने तशी विनंती आरंभीच करावी.

घरी घ्यावयाची काळजी अवघड नाही. चेहऱ्यावरील अवयव रात्री काढून सौम्य साबणाने धुवावा व खालची कातडी मोकळी ठेवावी. टाळूची पट्टी जेवणानंतर स्वच्छ करावी, काढून ठेवताना साध्या पाण्यात ठेवावी. उकळत्या पाण्यात घालू नये, तिचा आकार बिघडतो. तोंड पुरेसे उघडत नसल्यास वैद्याने सांगितलेला व्यायाम चुकवू नये, कारण तोंडच उघडले नाही तर उत्तम पट्टीही आत जात नाही.