मांजराचा हरवलेला पत्ता

मांजराला आपला पत्ता सांगतां येत नाहीं. गळ्यांतला पट्टा कोठें अडकून निसटला, कीं घरचें लाडकें मांजर आणि रस्त्यावरचें बेवारशी मांजर यांतला भेद परक्याला कळत नाहीं. म्हणूनच इंग्लंडांत १० जून २०२४ पासून असा कायदा अमलांत आला, कीं पाळीव मांजर २० आठवड्यांचें होण्यापूर्वीं त्याच्या कातडीखालीं ‘मायक्रोचिप’ बसविलीच पाहिजे. ती नसल्याचें आढळल्यास मालकाला २१ दिवसांची मुदत मिळते. तीही दवडल्यास ५०० पौंडांपर्यंत दंड होऊं शकतो.

ही चिप तांदळाच्या दाण्याएवढी असते. पशुवैद्य ती पोकळ सुईनें दोन खांद्यांच्या मधोमध सोडतो. तिच्यांत विजेचा घट नसतो. वाचनयंत्र जवळ धरलें म्हणजे त्याच्याच रेडिओलहरींच्या शक्तीनें ती क्षणभर जागी होते व आपला १५ आंकडी क्रमांक सांगते. ती मांजराचा माग काढीत नाहीं. तिच्यांत मालकाचें नांवही नसतें. नांव व पत्ता असतो तो नोंदणी ठेवणाऱ्या संस्थेच्या दप्तरांत.

अमेरिकेंतील ५३ प्राणिनिवाऱ्यांची पाहणी २००९ सालीं प्रसिद्ध झाली. तेथें आलेल्या एकंदर भटक्या मांजरांपैकीं शेंकडा २ देखील मालकाकडे परतलीं नाहींत. चिप असलेलीं मात्र शेंकडा ३८ हून अधिक परतलीं. उरलेल्यांपैकीं कित्येकांचे मालक सांपडले नाहींत, कारण दप्तरांतला टेलिफोनचा क्रमांकच चुकीचा किंवा बंद पडलेला होता.

तेव्हां बिऱ्हाड बदलतांना भांड्याकुंड्यांबरोबर ही नोंदही हलविली पाहिजे. क्रमांक सांगण्याचें काम चिप करील. त्या क्रमांकापुढें खरा पत्ता राखणें हें मालकाचेंच काम होय.